इमिग्रेशनची तीन तोंडं

मंगळवार, ३ मार्च

नव्या जागी नवी वही. जागा चारच दिवसांची आहे, पण वही जाड आणावी लागली, कारण दुकानात बारीक नव्हती.

आज सकाळी लेकीकडे आलो. माझ्या घरात स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत घोटाभर पाणी झालं, फरशी उचकटली, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आपल्या छताचा पोपडा हातात घेऊन वर दाखवायला आले. बेसिनचा नळ उघडा राहिला होता. घरात मी एकटाच असतो, तरी तो कोणी उघडा ठेवला हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्लंबर म्हणाला, फरशी काढून पाइप बदलायला चार दिवस लागतील. टॅक्सीवाल्याने विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "लेकीकडे. चार दिवस." चार दिवसांचं त्याला काय करायचं होतं म्हणा, पण माणसाने आधीच स्पष्ट असलेलं बरं.

बरोबर एक बॅग आणि एक पत्र्याचा डबा. बॅगेत कपडे, डब्यात माझं काम. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालो त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी बाहेरच्या भाषांतून मराठीत आलेल्या शब्दांच्या कोशासाठी शब्द गोळा करतो. टेबल, चावी, बादली, असे बाहेरून येऊन आपल्यात मांडी घालून बसलेले शब्द. यंदा 'इ'चा भाग छापायला जायचा आहे. इंजिन झालं, इंजेक्शन झालं, इस्त्रीही झाली. एकच नोंद उरली, ती 'इमिग्रेशन'ची. संपादकांनी एकतीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

आमच्या कोशाचा एक कडक नियम आहे, तीन तोंडांचा. बाहेरचा शब्द तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, न विचारता, न अडखळता, सहज बोलण्यात आला की तो आपला. तोवर पाहुणा. प्रत्येक तोंडाचा दाखला तारखेसकट कार्डावर लिहायचा. वर्तमानपत्र चालत नाही. कोशकाराचं स्वतःचं तोंड तर अजिबात धरायचं नाही, नाहीतर मी आंघोळीला जायच्या आत दहा शब्द मराठीत आणून सोडीन.

मला शिवणाची खोली दिली आहे. ती विहीणबाईंची, म्हणजे जावईबापूंच्या मातोश्रींची. त्या या घरात अकरा वर्षं आहेत आणि भिंतीसुद्धा त्यांना विचारून उभ्या असाव्यात असं वाटतं. "अकरा ते एक मला मशीन लागतं," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे." त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं. "चार दिवसांना एवढी कार्डं?"

बॅग उघडून मांडली नाही. पलंगाखाली ठेवली आहे. लागेल तो सदरा वरच्या वर काढायचा. पाहुण्याने कपाटात हात घालू नये.

गुरुवार, ५ मार्च

संपादकांशी फोनवर पाऊण तास वाद. त्यांनी अर्थ सुचवला तो असा: 'एका देशातून दुसऱ्या देशात कायम राहण्यासाठी येणे'. मी 'कायम'ला हरकत घेतली. विमानातून उतरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय ठाऊक, आपण कायम आहोत की नाही? संपादक म्हणाले, "मग 'राहण्याच्या हेतूने' लिहा." मी म्हणालो, हेतू कोणी पाहिलाय? त्यांनी विचारलं, "मग पाहुणा आणि राहायला आलेला यांत फरक कसा करायचा?" मी ताबडतोब सांगितलं, "बॅगेवरून. बॅग भरलेली असेल तर पाहुणा." यावर त्यांनी विषय बदलून मुदतीची आठवण करून दिली. मुद्दा पटला असावा.

फोन चालू असताना विहीणबाई दारात उभ्या होत्या. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मशीनवर बसता बसता त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई..." आणि पुढचं सुईत दोरा ओवताना तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. आज तिसरा दिवस आहे. मला पुढचं पाठ आहे.

शुक्रवार, ६ मार्च

पहिलं तोंड मिळालं! जावईबापू कामानिमित्त बाहेरच्या देशात गेले होते, ते परत आले. दारातच बूट काढता काढता म्हणाले, "विमान वेळेवर होतं बाबा, पण इमिग्रेशनला दीड तास गेला." मी तिथेच त्यांना थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावणार होतो, पण पुन्हा म्हटलं की ते सहज राहत नाही. तसाच खोलीत गेलो आणि कार्ड लिहिलं.

गंमत अशी की त्यांच्या बोलण्यात इमिग्रेशन म्हणजे येणं नव्हे, राहणं तर नव्हेच. इमिग्रेशन म्हणजे रांग. एक काउंटर, काचेमागे एक माणूस, तो आपल्या फोटोकडे आणि मग आपल्याकडे पाहतो आणि दोन्हींबद्दल त्याचं मत वाईट होतं. कार्डावर लिहिलं: 'अर्थ पहिला. जिथे थांबवून ठेवतात ती जागा.'

सोमवार, ९ मार्च

प्लंबरचा निरोप आला, आतला पाइपसुद्धा गंजलेला निघाला, अजून चार दिवस. फोन लेकीने घेतला. मी हात पुढे केला तेव्हा तिने ठेवून टाकला आणि म्हणाली, "घाईत होते बाबा." हे लोक चार सोडून दुसरा आकडाच शिकलेले नाहीत.

या घरात माझ्यावर पाळत आहे. हे कागदावर लिहायला बरं वाटत नाही, पण डायरीशी खोटं कशाला बोलायचं? मी बेसिनपाशी जाऊन आलो की विहीणबाई माझ्या मागोमाग तिथे जातात. दरवेळी. स्वयंपाकघरातही तेच. आज हात धुताना 'परागंदा' हा शब्द आठवला. इमिग्रेशनच्या नोंदीत तुलनेसाठी किती छान! विसरायच्या आत धावत जाऊन ओल्या हातांनीच कार्ड लिहिलं. शाई पसरली. वळून पाहतो तर विहीणबाई बेसिनपाशी उभ्या, आणि चेहऱ्यावर असा भाव, जणू मी त्यांच्या साबणाचा तुकडा चोरला. त्यांचा साबण गुलाबी आहे, मी हातही लावत नाही.

पुढच्या खोलीत खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. तीत बसलं की पाठीला बरं वाटतं, उजेडही चांगला येतो. दोन दिवस पाहतोय, तिच्यावर इस्त्रीचे कपडे नसतात. पूर्वी असायचे.

गुरुवार, १२ मार्च

विहीणबाईंच्या तोंडून शब्द काढायचा प्रयत्न फसला. विचारायचं नाही हा नियम, म्हणून आडून आडून गेलो. बातम्या मोठ्या आवाजात लावल्या. परदेशी जाणाऱ्या माणसांचा विषय काढला. विमानतळ, शिक्का, कागदपत्रं, सगळं त्यांच्यासमोर मांडलं. त्या दोऱ्याचं रीळ शोधत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला कुठे जायचंय का व्याहीबुवा? तसं असेल तर सरळ सांगा, चपात्या कमी करते."

दुसरं तोंड मात्र घरबसल्या चालत आलं. समोरच्या दारच्या बाई पेढे घेऊन आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशी गेलाय, दोन वर्षं कागदपत्रं चालली होती. "लेकाचं इमिग्रेशन झालं हो!" म्हणाल्या, आणि डबा पुढे करताना डोळे पुसले. मला राहवलं नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, की आपल्या बाजूने पाहिलं तर हे बहिर्गमन. इमिग्रेशन म्हणजे येणं, ते तिकडच्यांनी म्हणायचं. आपल्याकडून तो गेला.

विहीणबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्यांच्या सपाता लाकडी तळाच्या आहेत.

त्या बाई म्हणाल्या, "गेला कशाला म्हणू भाऊ? पोचला म्हणते मी."

दाखला म्हणून उत्तम आहे, फक्त चुकीचा आहे. कार्डावर लिहिलं: 'अर्थ दुसरा. कागदपत्रं पुरी होऊन मंजुरी मिळणे. मागे राहिलेली माणसंही हाच शब्द वापरतात. का, ते कळत नाही.' पेढे चांगले होते.

नात संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर घरातली माणसं मोजून सांगत होती. चौदा वर्षांची झाली तरी गणित कच्चंच. चारच्या जागी पाच म्हणाली.

मंगळवार, १७ मार्च

आज संपादकांकडून मुद्रितांचं पार्सल आलं. पत्त्यात त्यांनी मजला लिहिलाच नव्हता, नुसती इमारत आणि माझं नाव. तरी रखवालदाराने बरोबर वर पाठवलं. हुशार माणूस आहे.

प्लंबरचे पुन्हा चार दिवस. मी म्हटलं, मीच जाऊन पाहतो. लेक म्हणाली, सिमेंट ओलं आहे, पाय उमटतील. दोन आठवडे ओलं राहणारं सिमेंट मी प्रथमच ऐकतोय, पण माझा विषय भाषा.

तिसरं तोंड मिळत नाही. इमारतीच्या बागेत बाकावर बसून चार दिवस लोकांचं बोलणं ऐकलं. गुडघे, नातवंडं, लिफ्ट. एकालाही कुठे जायचं नाही. काल एका गृहस्थांनी विचारलं, "नवीन राहायला आलात का?" मी म्हटलं, "नाही हो, पाहुणा आहे." ते म्हणाले, "अच्छा, मला वाटलं, रोज दिसता."

शनिवार, २१ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिसरं तोंड घरातच होतं.

सकाळी आठची वेळ. मला संपादकांकडे जायचं होतं म्हणून टॉवेल खांद्यावर टाकून मी न्हाणीघराकडे निघालो. दार लोटणार तेवढ्यात मागून आवाज: "अहो व्याहीबुवा, रांगेत या. या घरात माझं इमिग्रेशन तुमच्या आधी झालंय."

मी पुतळ्यासारखा उभा. न विचारता! न अडखळता! दारालगतच्या बेसिनवर दात घासून झाले होते, नुसतं तोंड धुवायचं राहिलं होतं. ते तसंच सोडून कार्डाकडे धावलो. मागून त्या "अहो, नळ! नळ!" असं काहीतरी ओरडत होत्या. त्यांना आज आंघोळीला पहिला नंबर मिळाला होता, मग ओरडायचं कारण काय?

कार्ड लिहून झाल्यावर मात्र विचारात पडलो. या अर्थाला मी काय नाव देऊ? विहीणबाई कुठल्या देशातून आल्या? दोन गल्ल्यांपलीकडून. यजमान वारल्यावर मुलाकडे आल्या एवढंच. यात सरहद्द कुठे आहे? संपादकांना विचारलं तर ते खूश. "वा! हा तर सगळ्यात जिवंत दाखला! विचारा त्यांना, नेमकं काय म्हणायचं होतं."

दुपारी विचारलं. त्या काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय म्हणायचं असणार? आले तेव्हा मीठ कुठे असतं ते सुनेला विचारावं लागायचं. साठ वर्षांची मी, आणि मीठ मागतेय. आता लोक मला विचारतात, मीठ कुठे आहे. एवढंच."

मी हे लिहून घेतलं, पण कोशात मिठाचा उल्लेख कसा करणार?

आणखी एक. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा चारच दिवसांसाठी आले होते हो." मग हसल्या. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ओसरी आणि हातपाय पसरण्याची म्हण माझ्या जिभेवर आली होती, पण पाहुण्याने बोलू नये.

शुक्रवार, २७ मार्च

अजून राग गेलेला नाही. तरी लिहितो.

या घरातला स्वयंपाकघराचा नळ गळायला लागला म्हणून जावईबापूंनी प्लंबर बोलावला. तोच प्लंबर, माझ्याकडचा. मी खिडकीशी खुर्चीत होतो. तो मला पाहून म्हणाला, "काय आजोबा, फरशी कशी वाटली? तीन आठवडे झाले ना काम पुरं होऊन? चांगली बसलीय एव्हाना."

तीन आठवडे. चार दिवसांचं काम त्याने चारच दिवसांत केलं होतं. बाकीचे सगळे चार दिवस माझ्या लेकीचे.

मी ओरडलो. या घरात पहिल्यांदाच. म्हणालो, माझं घर, माझी फरशी, माझी किल्ली, आणि मलाच बाहेर थांबवून ठेवता? काचेमागे बसून? जावईबापूंनी प्लंबरला स्वयंपाकघरात नेलं. नात रडायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, दोन वर्षांत तीन वेळा घरात पाणी झालं. एकदा गॅसवरचं भांडं जळालं ते वेगळंच. तीन वेळा! तुमच्याच नियमाने ते पक्कं झालं."

माझा नियम माझ्यावरच! मी म्हणालो, "ते नियम शब्दांसाठी आहेत." ती म्हणाली, "मला खरं सांगता आलं नाही बाबा, तुम्ही ऐकलं नसतं." यावर मी आणखी मोठ्याने बोललो.

पलंगाखालून बॅग ओढली. भरायला काहीच लागलं नाही. पाहुण्याचा हाच फायदा. विहीणबाई दारात उभ्या होत्या, पण अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अकरा वाजायचेत अजून. सावकाश जा."

शनिवार, २८ मार्च

स्वतःचं घर. फरशी खरोखरच छान बसली आहे. सगळं जागच्या जागी. हिचा चष्मा ती गेल्यावरही अजून फडताळात आहे, मी काढलेला नाही, काढणारही नाही. मीठ कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

काम करायला बसलो आणि लक्षात आलं, डबा तिकडेच राहिला. रागाच्या भरात बॅग घेतली आणि बारा वर्षांची कार्डं विसरलो. हात दाखवून अवलक्षण ते हेच. परत जाऊन मागणं शक्य नाही. मंगळवारपर्यंत नोंद द्यायची आहे.

आज एकही कार्ड नाही. डबा नाही म्हणून नव्हे, पाठकोऱ्या कागदांवरही लिहिता आलं असतं. कोणी बोललंच नाही. सकाळपासून फक्त मी एकदा "हुश्श" म्हणालो, आणि कोशकाराचं तोंड धरत नाहीत.

सोमवार, ३० मार्च

हे प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं आहे.

सकाळी तोंड धुताना समोरच्या दारच्या त्या बाई आठवल्या. 'गेला कशाला म्हणू, पोचला म्हणते.' आणि एकदम उमगलं. त्या चुकल्या नव्हत्या. गेला म्हटलं की मागे रिकामी खोली उरते. पोचला म्हटलं की पुढे कुठेतरी दिवा लागतो. आई शब्द निवडताना आपल्याकडचं दार पाहत नाही, लेकरासाठी उघडलेलं दार पाहते. बारा वर्षं शब्द गोळा करतोय आणि हे मला बेसिनपाशी कळतंय! घाईने पाठकोरा कागद शोधला, पेन शोधलं, लिहीत बसलो. अर्धं पान लिहिलं. फार चांगलं लिहिलं.

मग पायांना गार लागलं.

नव्या फरशीवरून पाणी पुढच्या खोलीत येत होतं. बेसिनमध्ये ओलं फडकं पडलं होतं आणि नळ पूर्ण उघडा. घरात मी एकटा. दार आतून बंद. म्हणजे मीच. आजचा मीच, आणि आधीचे तिन्ही वेळचेही मीच.

खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो आणि सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं. 'परागंदा'. 'अहो, नळ! नळ!' विहीणबाई माझ्यावर पाळत ठेवत नव्हत्या. चोवीस दिवस त्या माझ्यामागे नळ बंद करत होत्या, आणि एकदाही चारचौघांत बोलल्या नाहीत. सून आणि लेकाच्या कानावरही घातलं नसणार, नाहीतर त्या दिवशी लेकीने तेही मोजलं असतं. मला लाज वाटली. साबणाबद्दल लिहिलं ते खोडणार होतो, पण डायरीत खोडाखोड करायची नाही हाही माझाच नियम.

दुपारभर फरशी पुसली. भीतीही वाटली, ते लिहून ठेवतो. माझं घर मला आवडतं, पण आता मला त्यात एकट्याने राहायची भीती वाटते. हे मी लेकीला कोणत्या तोंडाने सांगू?

मंगळवार, ३१ मार्च

सकाळी दहा वाजता बेल वाजली. दारात विहीणबाई. गुडघ्यांमुळे त्या लिफ्टशिवाय कुठे जात नाहीत आणि माझ्याकडे लिफ्ट नाही. दोन मजले चढून आल्या होत्या. काखेत माझा पत्र्याचा डबा.

"तुमचा शेवटचा दिवस ना आज? कार्डांवाचून काय छापणार?" म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मी पाणी आणायला गेलो. त्या उठून माझ्यामागे आल्या, मी पेला भरला, आणि नळ मी स्वतः बंद केला. त्या परत खुर्चीत जाऊन बसल्या.

मी म्हणालो, "तुम्ही घरात का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? मी आले तेव्हा पहिले सहा महिने इस्त्री चालू ठेवायचे. दोन चादरी जाळल्या. सून बंद करायची मागून. तुमची लेक. तिने कधी सांगितलं का कोणाला?" मग माझ्या नव्या फरशीकडे पाहून म्हणाल्या, "ओली का आहे हो?"

"काल पुसली," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

डबा उघडला. तिन्ही दाखले जागच्या जागी होते. तिथेच बसून नोंद पुरी केली आणि फोनवरून संपादकांना वाचून दाखवली. 'इमिग्रेशन. एक: बाहेरून येणाऱ्याला जिथे थांबवून तपासतात ती जागा. दोन: तिथून आत जाण्याची मंजुरी, मागे राहिलेल्यांच्या तोंडी, आपलं माणूस सुखरूप पोचणे. तीन: राहायला येणे, येणारा बहुधा थोड्या दिवसांसाठी म्हणून येतो.' संपादक म्हणाले, "'कायम' कुठे गेलं?" मी म्हणालो, ते आधी कोणालाच ठाऊक नसतं. त्यांनी मान्य केलं आणि 'इ' संपला.

डब्यात कार्डं परत लावताना 'घ'च्या घरात एक अनोळखी कार्ड दिसलं. अक्षर टाक्यांसारखं, एकसारखं आणि घट्ट. विहीणबाईंचं.

'घर. व्याहीबुवांचं. दाखला पहिला: नात, मैत्रिणीला, १२ मार्च. "आमच्या घरी आम्ही पाच जण." दाखला दुसरा: रखवालदार, पार्सलवाल्याला, १७ मार्च. "ते कार्डवाले आजोबा ना? ते चौथ्या मजल्यावर राहतात." दाखला तिसरा:' आणि पुढे कोरं.

डोळे भरून आले ते चष्मा पुसून निभावलं. शेवटी विचारलं, "तिसरा का नाही?"

"न विचारता हवा ना? थांबलेय मी. लेकीचं धरलं नाही, ती मायेपोटी म्हणेल. माझं तर धरताच येत नाही." मग काठी टेकत उठल्या. "चला, मला खाली सोडा. अकराला मशीनवर बसायचंय, इथेच उशीर झालाय."

खाली टॅक्सीत त्यांना बसवलं. बॅग आणि डबा आधीच डिकीत होते, ते मी केव्हा ठेवले हे खरंच आठवत नाही. त्यांच्या शेजारी बसलो. टॅक्सीवाल्याने विचारलं, "कुठे जायचं?"

"घरी," मी म्हणालो, आणि त्याला लेकीच्या इमारतीचं नाव, गल्ली, फाटक आणि चौथा मजला, सगळं एका दमात सांगितलं.

विहीणबाईंनी पिशवीतून कार्ड काढलं. ते त्यांनी डब्यातून केव्हा उचललं होतं कोण जाणे. गुडघ्यावर धरून लिहायला लागल्या.

"अहो, ते चालत नाही," मी म्हणालो. "कोशकाराचं स्वतःचं तोंड धरायचं नाही."

"कार्ड कोण लिहितंय?" त्यांनी विचारलं. "मी. म्हणजे या शब्दापुरती कोशकार मी. तुमचं तोंड चालतं." आणि तारीख घातली.

नियमात बसत होतं.